गुदमरणारं विमान

आमच्या ह्यांच्याबरोबर बाहेर जेवायला जायचं म्हणजे मला शरमेनं मान खाली घालून बसावं लागतं, कारण ह्यांची मान कायम वर. वाढप्याला वाटतं, साहेबांना छतावर पाल दिसली. हे बघत असतात थंड हवेची जाळी. मग खुर्ची सरकवून उठतात, खिशातला रुमाल काढून जाळीखाली धरतात आणि तो कसा हलतो ते डोळे बारीक करून बघतात.

"शेवटच्या टेबलापर्यंत हवा पोचतच नाहीये बघ. वळण काटकोनात दिलंय गाढवांनी."

"अहो, बसा खाली. लोक बघतायत."

"बघू देत की. घामानं निथळतायत बिचारे, आणि कशामुळे ते कुणाला ठाऊक नाही."

मोठमोठ्या इमारतींच्या छतांमधून थंड हवा खेळवणारे पत्र्याचे बोगदे असतात, ते हे करतात. त्यांना डक्ट म्हणतात, आणि म्हणून सगळा बाजार ह्यांना डक्टवाले म्हणतो. खरं नाव फार तर बँकेला ठाऊक असेल. पत्रा कापायचा, वाकवायचा, सांधायचा, छताच्या पोकळीत उताणं पडून तो बसवायचा, आणि मग खालून दुसरं खोटं छत येऊन सगळं झाकून टाकणार. इतकी वर्षं हे काम केलं, पण ह्यांचं एकही काम कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. "डक्ट दिसला म्हणजे काम फसलं," असं हे सांगतात आणि हसतात. ते हसू काही खरं नव्हे, हे मला फार उशिरा कळलं.

माझं काम लोकांचे कान तपासायचं. इस्पितळात त्यासाठी एक लहानशी खोली असते, भिंतींना गादीसारखा थर, दार दुहेरी. आत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन लावायचे, हातात बटण द्यायचं. मी काचेपलीकडून बारीक बारीक आवाज सोडते. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. त्या खोलीला हवा लागते, नाहीतर आतला माणूस घुसमटतो, आणि हवेचा आवाज मात्र चालत नाही, नाहीतर तपासणी खोटी पडते. आमच्या खोलीत आधी कुणीतरी बसवलेला डक्ट शीळ घालायचा. तो दुरुस्त करायला हे आले.

हे शिडीवर, कमरेपासून वरचे छतात. खाली नुसते पाय. तिथून ओरडायचे, "ताई, आत बसा, ऐका आणि सांगा!" मी आत बसून ऐकायची. अजून आहे. बारीक झालाय. डाव्या कोपऱ्यातून येतोय. ह्यांनी डक्ट रुंद केला, आतून आवाज गिळणारा लोकरीचा जाड नमदा लावला, वळणं गोल केली. "हवेला घाई केली की ती ओरडते," असं मला शिडीवरूनच शिकवलं. शेवटी एका दुपारी मी आत बसले आणि काहीच ऐकू आलं नाही. बाहेर येऊन तसं सांगितलं, तर हा माणूस शिडीवरून उतरून माझ्याकडे बघतच राहिला, जणू ती शांतता मीच करून दिली होती. पुढे आमचं जमलं. ज्या माणसानं आधी मला महिनाभर ताई म्हटलं त्याच्याशी मी लग्न केलं, ही गोष्ट सासूबाईंना मी शेवटपर्यंत कळू दिली नाही.

लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर ह्यांना विमानांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात काम मिळालं. काम छताचंच होतं, पण शिडीवरून खाली बघितलं तर एक जुनं लढाऊ जेट वरचे पत्रे उतरवून ठेवलेलं. त्या दिवशी हे घरात शिरले ते चपला न काढताच बोलायला लागले.

"अगं, विमान बिमान काही नसतं. आतून सगळा डक्टच आहे! पुढून हवा घ्यायची, मधे दाबायची, मागून सोडायची. डक्टला पंख लावलेत नुसते."

ह्यांच्या डक्टांकडे बघायला आजवर कुणी मान वर केली नव्हती. आणि हा एक डक्ट असा, की तो डोक्यावरून गेला तर रस्त्यावरचा प्रत्येक माणूस थांबून वर बघतो. हे तेव्हा ह्यांनी बोलून दाखवलं नाही. पण तेव्हापासून डोक्यात विमान शिरलं ते शिरलं. दुकानात मिळणाऱ्या, रिमोटवर उडणाऱ्या लहान विमानांवर समाधान होईना. खऱ्याच्या पाचव्या हिश्शाचं हवं, म्हणजे लांबीला अकरा फूट. मुलासाठी म्हणून आम्ही मागची एक खोली रिकामी ठेवली होती. मूल झालं नाही. तिथे विमान आलं. मी विरोध केला नाही, उलट पडदे मीच उतरवून दिले. त्या बंद दाराकडे बघून माझा जीव कासावीस व्हायचा. आता निदान तिथून ठोकाठोकीचा आवाज येत होता.

खऱ्या जेटचं आग ओकणारं यंत्र घरात कोण चालवणार? त्याच्याऐवजी अशा विमानाच्या पोटात पंखा असतो, जेवणाच्या ताटापेक्षा थोडा लहान, भरपूर पात्यांचा, विजेच्या मोटरवर फिरणारा, नळीत घट्ट बसवलेला. पाती आणि नळी यांच्यात कागद सरकेल एवढीच फट. पंखा विकत मिळतो. त्याला हवा नीट पोचवणं विकत मिळत नाही, आणि घोडं तिथेच अडलं. विमानाच्या दोन्ही कुशींना दोन तोंडं. त्यांतून आत गेलेले दोन रस्ते पंख्यापाशी एक होतात. विजारीचा आकार म्हणा ना: दोन पाय पुढे, कंबर पंख्याला. खऱ्या विमानाच्या प्रमाणात तोंडं ठेवली की ती पंख्याच्या भुकेला अपुरी पडायची. पंखा पूर्ण जोरात सोडला की आधी घरघर, मग किंकाळी, आणि मागून येणारा झोत मेलेला.

हौशी लोकांकडे ह्यावर सोपा उपाय आहे. विमानाच्या पोटाखाली, कुणाच्या नजरेला पडणार नाही असं, हवेसाठी एक जास्तीचं भोक पाडायचं. आपसात ते त्याला चोरभोक म्हणतात. शेजारी वर्कशॉप असलेला वेल्डर हा ह्या वेडातला ह्यांचा एकुलता एक साथीदार. त्यानं पहिल्याच दिवशी तेच सुचवलं, तर हे उसळले.

"जन्मभर झाकलेलं काम केलं. आता हे एक उघड्यावरचं करतोय, त्यात लपवाछपवी नको."

झालं, वर्षं त्यात गेली. तोंडांचे काठ ओठांसारखे गोल केले, कारण धारदार काठावर हवा फाटते. विजारीचे पाय जुळतात तिथली कड पुन्हा पुन्हा घासली. मागची नळी शेपटीकडे निमुळती करत नेली. जास्त निमुळती झाली की पंखा तुंबायचा, कमी झाली की झोताला वेग नाही. झोत बाहेर जावा म्हणून मागच्या खिडकीची चौकट काढून ठेवली होती. तिथे दोरी बांधून मी ओले कपडे टाकायची, पाच मिनिटांत कडकडीत वाळायचे. ह्या विमानाचा मला तेवढा एक उपयोग झाला. माझा जुना स्वेटर उसवून लोकरीचे बोटभर धागे ह्यांनी डक्टच्या आत चिकटवले. हवा सुरळीत गेली तर धागे विंचरलेल्या केसांसारखे सरळ राहतात. कुठे बिनसलं तर तिथला धागा उलटा फिरून थरथरतो. पण धाग्यांच्या आधी मला कळायचं. मी ओट्यापाशी उभी राहून ओरडायची, "उजव्या पायात काहीतरी अडतंय!" हे बॅटरी घेऊन बघायचे, तर खरंच उजवीकडचा धागा थरथरत असायचा. मला विमानाचं सोयरसुतक नव्हतं. आतल्या खोलीतून "ऐकून सांग गं" अशी हाक यायची, ती मला हवी असायची.

चार वर्षांपूर्वी आमच्या इस्पितळानं कानांचा विभाग बंद केला, आणि मला काम मिळालं ते दुसऱ्या शहरात, बसनं जवळजवळ आख्ख्या दिवसाच्या अंतरावर.

"तू हो पुढे," हे म्हणाले. "विमान एकदा उडालं की मी आलोच. एवढं धूड अर्धवट घेऊन कुठे फिरू?"

मला ते पटलं. दोन-तीन महिन्यांचा प्रश्न होता. नवरा मागून येणार म्हणून सांगितल्यावर इस्पितळाच्या वसाहतीत मला दोन खोल्यांचं घर मिळालं. एका खोलीत मी राहू लागले आणि दुसरी ह्यांच्यासाठी ठेवली.

संध्याकाळी जेवणं उरकली की फोन यायचा. "जेवलीस?" "जेवले. तुम्ही?" "जेवलो." एवढं झालं की आमच्या गप्पा संपल्या. हवेबद्दल बोलायला लागला की हा माणूस थांबत नाही, आणि स्वतःबद्दल विचारलं की तोंडात मिठाची गुळणी. मग हे म्हणायचे, "थांब, लावतो. ऐकून सांग." फोन विमानाच्या शेपटीशी ठेवायचे आणि पंखा सुरू करायचे. मी पलंगावर पाय दुमडून, डोळे मिटून ऐकायची. पाऊण जोरापर्यंत ठीक आहे, पुढे गुदमरतंय. वरच्या सुरात खरखर आहे. काल डावीकडे होतं, आज उजवीकडे गेलंय. मग त्यावर अर्धा तास बोलणं, काय घासलं, काय बदललं, उद्या काय करणार. फोन ठेवला की मला दुसऱ्या, रिकाम्या खोलीचं दार दिसायचं.

मला ह्यांची आठवण भलत्याच जागी यायची. लिफ्टमध्ये कुणाच्या अंगाला कापलेल्या पत्र्याचा वास आला की मी वळून बघायची. एकदा इस्पितळाच्या छताचं काम निघालं. मधल्या बोळात शिडी लावलेली, माणूस कमरेपर्यंत छतात, खाली नुसते पाय. मी त्या पायांपाशी उगाचच उभी राहिले. वरून आवाज आला, "काही हवंय का बाई?" मी काय सांगणार, कप्पाळ! नाही म्हटलं आणि निघून आले.

महिन्यातून एकदा मी घरी जायची. विमान कायम तपासणीच्या लाकडी घोडीवर बांधलेलं. "झालंच आता," हे म्हणायचे, आणि मी परतीच्या बसमध्ये बसायची. मागच्या हिवाळ्यात एका संध्याकाळी फोनवर आवाज इतका स्वच्छ आला की मी पलंगावरून उठून उभीच राहिले. म्हटलं, सुटलो एकदाचे! पण पुढच्याच आठवड्यात पुन्हा घुसमट. एका ठरावीक जोराला चढणारी, एकाच सुरातली. मी सांगायची, हे पलीकडून "हं, बघतो" म्हणायचे.

वसाहतीचा कारभार बघणाऱ्या बाई तोंडाच्या गोड, पण कामाला चोख. "मिस्टर कधी येतायत?" त्या विचारायच्या. त्यांचं एक काम अडकलंय, असं मी सांगायची. काय काम ते सांगायची सोय नव्हती. शेवटी त्यांनी मला बसवून घेतलं. "हे बघा, दोन खोल्यांसाठी जोडपी खोळंबलीत. एकटीनं किती दिवस अडवून ठेवणार? महिनाअखेर मला नक्की काय ते सांगा. ते येत नसतील तर तुम्ही एका खोलीत जा."

त्याच संध्याकाळी मी फोनवर सगळं जसंच्या तसं सांगितलं.  हे म्हणाले, "बघतो गं. पण अजून गुदमरतंय." आणि पंखा लावला. त्या पंख्यात लाटणं घालावं असं मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं.

महिना संपत आला असताना एका शुक्रवारी आमचं तपासणीचं यंत्र बिघडलं. दोन दिवस मोकळे मिळाले. न कळवता दुसऱ्या दिवशी पहाटेची बस धरली. ठरवूनच निघाले होते, समोर बसून विचारायचं, येताय की नाही. दुपार कलताना घरी पोचले तर दाराला कुलूप.

शेजारच्या वर्कशॉपमधून वेल्डरनं हाक मारली. "अरे, वहिनी! तुम्ही पण मैदानावरच निघालात ना? ते मघाशीच गेले. आज वारा मस्त पडलाय."

"मैदानावर? कशाला?"

"उडवायला," तो म्हणाला, आणि तोंडावरचा मुखवटा वर करून त्यानं माझा चेहरा बघितला. मग जीभ चावली.

"कधीपासून उडतंय, भाऊजी?"

"हिवाळ्यापासून," तो हळूच म्हणाला. "मला वाटलं, पहिल्यांदा तुम्हालाच सांगितलं असेल."

मी पिशवी त्याच्याच दुकानात टाकली आणि मिळेल ती गाडी करून मैदान गाठलं. गावाबाहेर मोकळी जागा, मधे रोलर फिरवून केलेली पट्टी, भोवती तारेचं कुंपण. गाडीतून उतरले तेव्हा काही दिसत नव्हतं. आधी ऐकू आलं. नवं कोरं कापड एका दमात फाडत न्यावं तसा आवाज, तळापासून वरपर्यंत सलग, कुठे खर नाही, शीळ नाही, घुसमट नाही. मला बघायची गरजच नव्हती. असा आवाज कुठल्या डक्टमधून येतो हे मला कळत होतं. त्याची कड न् कड मी ऐकून ऐकून घासून घेतली होती. मग ते डोक्यावरून गेलं, पोट उन्हात चमकवत. कुंपणाशी उभी असलेली पाच-सहा माणसं माना वर करून बघत होती. मीही बघितलं. इतकं देखणं दिसत होतं की माझे डोळे भरून आले, आणि त्याच वेळी मला इतका राग आला की कुंपणाची तार मी मुठीत घट्ट धरली.

हे माझ्याकडे पाठ करून उभे होते, गळ्यात विमान उडवायच्या रिमोटची पेटी. विमान उतरवलं, पट्टीच्या टोकाला नेऊन थांबवलं, मग वळले.

"अगं! तू?"

 पंख सुटे करून विमान टेंपोत चढवेपर्यंत आणि टेंपो घरी पोचेपर्यंत दोघांच्याही तोंडातून अक्षर नाही.

मागच्या खोलीत शिरले तर टेबलावर पुठ्ठ्याचा एक तुकडा पडला होता. बुटांच्या खोक्याचा असावा. विजारीच्या उजव्या पायात बरोबर बसेल असा कापलेला, कडा सुबक गोल, त्यावर चिकटपट्टीचे थरावर थर, पुन्हा पुन्हा लावल्याचे आणि काढल्याचे. खोटेपणा करायचा तोही मापात!

"हे काय आहे?"

"पुठ्ठा."

"तो दिसतोय. कशासाठी?"

"संध्याकाळी आत लावतो," हे म्हणाले. "आपला फोन झाला की काढतो."

मग मात्र माझा तोल गेला. "मी तिथे रिकाम्या खोलीला झाडू मारतेय. त्या बाईंसमोर रोज नवं खोटं बोलतेय. आणि तुम्ही ताकास तूर लागू न देता इथे विमान उडवताय? हिवाळ्यापासून?"

"सांगतो ना, ऐक तर. मी त्याला जागेवर उभं करून तपासत होतो, तिथेच चुकत होतं गं. वेल्डरच्या गाडीच्या टपावर बांधून मोकळ्या रस्त्यावर पळवलं. गाडीनं वेग घेतला तसा आवाज आपोआप साफ! पळत्या विमानाच्या तोंडात हवा आपणहून शिरते. सुरुवातीच्या धावेला कमी पडते, तेवढ्यापुरत्या दोन झडपा केल्या. ओढ लागली की उघडतात, वेग आला की मिटतात. खऱ्या विमानांतही असतात तशा. चोरभोक नव्हे ते." बोलता बोलता चेहरा उजळला होता. "इतकी वर्षं मी त्याला घोडीवर बांधून म्हणत होतो, तुला दम लागतो."

"आणि तुम्ही?" मी म्हटलं. "तुम्ही किती वर्षं उभे आहात जागेवर?"

चेहरा विझला. हे विमानाच्या शेजारी स्टुलावर बसले. हातात तो पुठ्ठा, तो उगाच वाकवत.

"उडालं त्या संध्याकाळी सांगणारच होतो. पुठ्ठा बिठ्ठा काही नव्हता तेव्हा. तू म्हणालीस, जेवलात? मी म्हटलं, जेवलो. मग तू म्हणालीस, लावा, ऐकते. लावलं. तू इतकी खूश झालीस. आणि माझ्या मनात आलं, आता उद्या काय लावू?"

मी ह्यांच्या हातातला पुठ्ठा काढून टेबलावर ठेवला.

"मला दुसरं काही बोलता येत नाही गं. तुला ठाऊक आहे. तिथे येऊन समोरासमोर बसलो आणि दोघांनाही काही सुचलंच नाही, तर? इथे निदान रोज अर्धा तास तू माझ्याशी बोलतेस."

"मी पंख्याशी बोलत होते का इतकी वर्षं?"

ह्यांनी वर बघितलं. "तुझे कान एवढे तयार. एकच पुठ्ठा, एकच जागा, रोज तोच आवाज. तुला कळलं नाही?"

आमच्या तपासणीच्या खोलीत काही माणसं अशी येतात, की त्यांना आवाज ऐकू येतो, पण ती बटण दाबत नाहीत. ज्याची त्याची कारणं असतात. अशांना कसं पकडायचं ते मला चांगलं ठाऊक आहे, त्याचाच तर मी पगार घेते. ह्यांनी विचारलं तेव्हा तो चढणारा सूर मला पुन्हा ऐकू आला, त्याच जोराला, त्याच जागी, आणि रोज संध्याकाळी "आज जरा उजवीकडे वाटतंय" असं नव्यानं सांगणारा माझा आवाजही ऐकू आला. ह्यांना उत्तर द्यायला मला जमलं नाही. जमलं नाही म्हणून मी आणखी चिडले.

"सोमवारी मी त्या खोल्या सोडतेय," मी म्हटलं. "तुम्ही बसा इथे पुठ्ठा लावत."

रविवारी हे बसपर्यंत पोचवायला आले. पिशवी वर ठेवून दिली, खिडकीची काच सरकते का ते बघितलं, बसमधल्या हवेच्या जाळीवर हात धरून बघितला आणि खाली उतरले. बस निघेपर्यंत खाली उभे होते.  

सोमवारी सकाळी बाईंना सांगितलं, मला एकच खोली द्या. त्यांनाच वाईट वाटलं. म्हणाल्या, हवं तर आणखी आठवडाभर थांबते. मी नको म्हटलं. बोलल्याप्रमाणे करून दाखवायची खुमखुमी होती ना अंगात! दुपारपर्यंत सामान हललं. एकटीचं सामान ते काय. ह्यांच्या कामासाठी म्हणून मी दुसऱ्या खोलीत एक लांब टेबल घेऊन ठेवलं होतं, त्यावर कधी कुणी काही ठेवलं नव्हतं. ते नव्या खोलीच्या दारातून आत जाईना. तिथेच सोडून आले. एक तरुण जोडपं दुपारीच घर बघायला आलं आणि त्या टेबलावर हात फिरवून म्हणालं, हे राहू दे हं, छान आहे. तेव्हा मला कळलं मी काय करून बसले ते.

संध्याकाळी नेहमीच्या वेळी फोन वाजला.

"जेवलीस?"

"नाही."

"मी पण नाही," हे म्हणाले.

 आता म्हणतील, थांब, लावतो. मी वाट बघत राहिले. पंखा लागला नाही.

"घर फार शांत आहे गं," हे एकदम म्हणाले. "न्हाणीघरातला हवा ओढणारा पंखा असतो ना, तो चालू ठेवून झोपतो मी. रोज. तू गेलीस तेव्हापासून."

ज्या माणसानं उभं आयुष्य पंख्याचा आवाज कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून डक्टांना नमदे लावले, तो हे बोलत होता. मी पदरानं डोळे पुसले.

"अहो, मी खोल्या सोडल्या. आज सकाळीच. आता एकच आहे."

"किती बाय किती?"

रडता रडता मला हसू फुटलं. "दहा बाय बारा. ते मावायचं नाही त्यात."

 पलीकडे ह्यांनी घसा साफ केला.

"त्याचं काय, ते झालं गं. उडालं. आपलंच राहिलंय."

मी दोन्ही हातांनी फोन कानाशी धरला. काय काय बोलायचं होतं, चार वर्षांचं साचलेलं. त्यातलं काही तोंडात येईना.

"गुरुवारच्या बसनं या," मी म्हटलं. "आणि खिडकीची जागा धरा. तुम्हाला गाडी लागते."